पडद्याखालचे बूट

हॅलोरनच्या तबेल्यात मॅलकी डेव्हेन शिरला तेव्हा त्याला आधी चार बूट दिसले. बाकीचं सगळं नंतर दिसलं. घोडे हलवलेले होते, जमीन धुऊन वर भुसा पसरला होता आणि समोरच्या भिंतीला लागून कोऱ्या पाइनच्या फळ्यांचे सहा कप्पे ओळीनं उभे होते. माणूस एकटा आत जाईल, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीनं कागदावर खूण करील आणि घडी घालून बाहेर येईल, त्यानं कोणाला मत दिलं हे परमेश्वराशिवाय कोणाला कळणार नाही, असा नवा कायदा झाला होता. ते कप्पे कसे झालेत हे बघायलाच मॅलकी आला होता. पाच कप्प्यांना अजून पडदे नव्हते. सहाव्याला होता, आणि त्या पडद्याखाली हे चार बूट. त्यातले दोन डीलियाचे. डाव्या बुटाची टाच नवी होती, उजवीपेक्षा फिकट. मागच्याच महिन्यात त्यानं स्वतः चांभाराकडे नेऊन ती बसवून आणली होती. बायकोचे बूट ओळखायला टाच बघावी लागत नाही, पण त्यानं ती पाहिली, कारण आपले डोळे खोटं सांगताहेत असं म्हणायला त्याला काहीतरी हवं होतं. तिच्यासमोर दुसरे दोन बूट होते, मोठे, चौकोनी तोंडाचे, शिवणीत लाकडाचा भुसा भरलेले. तेही तो रोज बघायचा, स्वतःच्याच घरात, चुलीपाशी वाळत ठेवलेले. चारी बुटांची तोंडं एकमेकांना जवळजवळ भिडली होती. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. कोणीतरी जोर लावतंय असा श्वास, लाकडाची कुरकुर, आणि मग डीलियाचं हसू. छोटंसं, नाकातलं. ते हसू मॅलकीनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग पडदा सरकला आणि डीलिया बाहेर आली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. मॅलकीला बघून ती दचकली नाही, हे त्यानं नोंदवून ठेवलं. मग वाटलं, टाचण्या तोंडात धरलेली बाई दचकणार तरी कशी. तिच्यामागून ओताकार आला, त्यांच्या मागच्या खोलीत राहणारा, युरोपातल्या बोहेमियातून आलेला सुतार, हातात लाकडी हातोडी घेऊन. "या, डेव्हेनसाहेब," तो म्हणाला, "बघा, तुम्ही सांगितलं तसंच केलंय, पडदा गुडघ्यापर्यंत." डीलियानं एकेक टाचणी काढून बाहीला टोचली आणि म्हणाली, "पडदा लावत होतो." कोणी विचारलं नव्हतं. मॅलकीनं एका फळीवर थाप मारली आणि "मजबूत आहे" असं म्हटलं. आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला नवल वाटलं.

घरी परतताना तिघं बरोबर निघाले, पण लाकडी फुटपाथ अरुंद होता आणि दोघांहून जास्त माणसं एका ओळीत मावत नव्हती. मॅलकी मुद्दाम मागे राहिला. रस्त्यावर देवदाराचे ठोकळे बसवायचं काम चाललं होतं, इटालियन मजूर गुडघ्यांवर बसून ठोकत होते. चार वर्षांपूर्वी इथे गुडघाभर चिखल होता, आणि त्याही आधी कोबीची शेतं. हे अमेरिकन शहर कसं वाढत गेलं ते मॅलकीनं इथेच उभं राहून बघितलं होतं. दर वसंतात नवी माणसं यायची, अंगावर लोकरीचे जाड कपडे, तोंडात न कळणारी भाषा, आणि दर वसंतात मॅलकी त्यांना स्टेशनवर गाठायचा, खोली दाखवायचा, कत्तलखान्यात नाही तर गटाराच्या कामावर चिकटवून द्यायचा. ओताकारलाही त्यानंच आणला होता. खोलीही त्यानंच दिली होती, स्वतःच्या घरातली, कारण भाडं कामी येतं आणि बोहेमियन लोक स्वच्छ असतात. सहा मतदान केंद्रांच्या कप्प्यांचं काम ओताकारला मिळवून दिलं तेही त्यानंच, नगरसेवक टूहीच्या कानाशी लागून. पडदे शिवायचं काम डीलियाला त्यानंच आणून दिलं, की चार पैसे तिच्या हातात राहतील. पुढे ती दोघं चालत होती, मध्ये हातभर अंतर ठेवून, पण पावलं एकदम पडत होती. डावं डाव्याबरोबर. मॅलकीनं आपली पावलं जुळवून पाहिली, तर ती जुळेनात.

पडदा गुडघ्यापर्यंतच ठेवा हेही त्याचंच डोकं होतं. कायदा आला तेव्हा टूहीच्या माणसांच्या पायाखालची जमीनच सरकली होती. तोवर कसं होतं, मतपत्रिका पक्षच छापायचे आणि टूहीची मतपत्रिका गर्द पिवळी असायची. मतदाराला ती हातात द्यायची, हात डोक्याच्या वर धरायला लावायचा आणि पेटीपर्यंत त्याच्या बरोबरीनं चालायचं. तो पिवळा कागद पेटीत पडताना दिसला की पाठीवर थाप. या वॉर्डात मॅलकीला न दिसता एक कागद पेटीत पडला नव्हता. आता कागद सरकार छापणार, सगळे पांढरे, आणि माणूस पडद्याआड. बाकीची माणसं कपाळाला हात लावून बसली असताना मॅलकीनं टूहीला समजावलं होतं. सबंध पक्षाला मत द्यायचं तर वरच्या गोलात एक फुली, झालं; आत गेला नाही तोच बाहेर. जो खाली नावं शोधत बसतो, इकडचं एक तिकडचं एक करतो, त्याला वेळ लागतो. म्हणजे आपल्याला कागद नाही दिसला तरी चालेल, बूट दिसले की पुरे. बूट थांबले की माणूस फिरला. टूही खूश झाला होता. "मॅलकी," तो म्हणाला होता, "तू पाद्री व्हायला हवा होतास. लोकांनी कबुली द्यायच्या आधीच तुला पापं कळली असती."

त्या दिवशी संध्याकाळी ओताकार त्यांच्या लोकांच्या व्यायामशाळेत गेला होता. डीलिया उरलेल्या पडद्यांना दुमड घालत बसली होती. मॅलकीनं बराच वेळ पाइप भरला, ठासला, पेटवला नाही. मग विचारलं, "पडदा लावायला दोघं कशाला लागतात?"

"दांडी बसत नाही एकट्याला."

"दांडी आहे की तोफ?"

"दोन्ही बाजूच्या फळ्यांना भोकं आहेत. एक टोक बसवलं की दुसऱ्या फळीची कड धरून ती बाहेर ओढावी लागते, तरच दांडी आत जाते. आणि कप्पे एकमेकांना चिकटून आहेत, सहावा तर कोपऱ्यात, बाहेरून ओढता येत नाही."

"तो म्हणाला असं?"

डीलियानं दोरा दातानं तोडला. "एकदा लावून बघ," ती म्हणाली, आणि दुसरा पडदा मांडीवर घेतला.

यावर एखाद्या शहाण्या माणसानं गप्प बसावं. मॅलकी गप्प बसलाही, पण डोक्यात शिरलेला किडा काही गप्प बसेना. एवढी सविस्तर माहिती हिनं तयार का ठेवली होती? भोकं, फळ्या, ओढणं. वॉर्डातला एखादा माणूस जेव्हा न विचारता सगळं नीट सांगायला लागतो तेव्हा तो खोटं बोलतोय हे मॅलकी झोपेतही ओळखायचा. पण वॉर्डातला माणूस आणि बायको यांत फरक असतो हेही त्याला कळत होतं. मग तो स्वतःचीच समजूत घालायचा, की डीलिया तशी नाही. आणि लगेच त्याला आठवायचं की बाकी सगळ्या नवऱ्यांचंही आपापल्या बायकोबद्दल हेच मत असतं. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. त्यांना मूल नव्हतं. ओताकारचे खांदे रुंद होते आणि तो कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते कोणाला कळत नाही.

मग तो कोबीचा विषय. तो विचार करायला लागला की कोबीपाशी येऊन अडायचा. डीलिया कोबी उकडायची तशी आयर्लंडात त्यांच्या क्लेअरमधली कुठलीही बाई उकडते, मीठ आणि डुकराच्या मांसाचा तुकडा घालून. वर्षभरापासून तिच्या कोबीत शहाजिरं यायला लागलं होतं. ओताकारनं सांगितलं होतं की त्याची आई घालायची, आणि डीलियानं घालून पाहिलं, आणि मॅलकीला ते आवडलंही होतं. आवडलं होतं हीच गोष्ट आता घशाशी यायची. आपल्याच ताटात परका माणूस मिसळला आणि आपण बोटं चाटली.

पण खरा घाव कोबीनं घातला नाही. तो पुढच्या रविवारी बसला. प्रार्थनेनंतर ओताकार मागच्या पायरीवर बसून करवतीला धार लावत होता आणि मॅलकी कायद्याला शिव्या घालत होता, उगाच, त्याला ऐकू जावं म्हणून. ओताकार मान वर न करता म्हणाला, "पण डेव्हेनसाहेब, हा कायदा तेव्हा असता तर तुमच्या वडिलांचं छप्पर राहिलं असतं." करवतीचा आवाज चालूच होता. वडिलांची गोष्ट या अमेरिकेत मॅलकीनं एकाच माणसाला सांगितली होती, तीही लग्न नवीन असताना, अंधारात, छताकडे बघत. तिकडे आयर्लंडात तेव्हा मत तोंडानं द्यायचं होतं. सगळ्यांसमोर, जमीनदाराचा कारभारी टेबलाशी बसलेला असताना, मोठ्यानं नाव घ्यायचं. मॅलकी वडिलांच्या खांद्यावर होता. वडिलांनी जमीनदाराच्या माणसाचं नाव न घेता दुसरंच घेतलं, आणि त्या आवाजाची थरथर मॅलकीला स्वतःच्या मांड्यांत जाणवली होती. कारभाऱ्यानं मान वर केली नाही. बोटांतली अंगठी फिरवत तो नुसता ऐकत राहिला. पुढच्या हिवाळ्यात शिपाई आले, घराचं आढं पाडलं, आणि आई ओल्या गवताच्या ढिगावर बसून तीन कोंबड्या कुठे गेल्या तेवढंच विचारत राहिली. हे सांगताना मॅलकी रडला होता. डीलियानं त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. एवढंच एक त्याच्याजवळ होतं जे वॉर्डाला माहीत नव्हतं, टूहीला माहीत नव्हतं, आणि तेच तिनं उचलून ओताकारला दिलं होतं. कुठे बसून दिलं? भांडी घासताना, की इथेच या पायरीवर? आपण रडलो होतो हेही सांगितलं असेल का? बूट भिडले ते एक वेळ भिडू देत. अंगाला अंग लागतं, माणूस चुकतो, पाद्र्याकडे जाऊन येतो. पण ही गोष्ट देणं म्हणजे मॅलकीला वाटलं की आपण झोपलेले असताना कोणीतरी आपल्या बायकोबरोबर बसून आपल्याकडे बघत होतं.

आणि वर तो सुतार बरोबर बोलला होता. मॅलकी गेली पंधरा वर्षं पेटीजवळ उभा राहून जे करत होता ते कारभाऱ्याचंच काम होतं, फक्त अंगठी नव्हती. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण डीलियाला माहीत असणं वेगळं आणि त्या सुताराला असणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी तो टूहीकडे गेला. टूही दारूच्या दुकानामागच्या खोलीत बसायचा आणि स्वतः फक्त दूध प्यायचा. "तो बोहेमियन," मॅलकी म्हणाला, "गच्च कॉलरवाल्यांच्या सभेला जातो." गच्च कॉलरवाले म्हणजे सुधारणा मंडळाची माणसं, तळ्याकाठच्या दगडी घरांतून येऊन गरिबांना प्रामाणिकपणा शिकवणारी. ओताकार तिथे गेला होता हे खरं होतं. बाकं दुरुस्त करायला गेला होता.

"सुतार सगळीकडेच जातो," टूही म्हणाला. "पक्कं माहीत आहे?"

"आहे."

"तुझ्या घरात राहतो तो, मॅलकी."

"म्हणूनच माहीत आहे."

टूहीनं दुधाचा पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बिचारा. कप्पे छान केले होते त्यानं." एवढंच. त्या संध्याकाळपर्यंत बाकीच्या केंद्रांचं काम दुसऱ्याकडे गेलं, आणि ओताकारला कामावर ठेवू नये हा निरोप वॉर्डातल्या सगळ्या वखारींना आपोआप पोचला. असले निरोप कोणाला द्यावे लागत नाहीत. मॅलकीनं घरी सांगितलं की मागची खोली लागणार आहे, त्याची मावसबहीण येणार आहे. ती मावसबहीण कोण, हे डीलियानं विचारलं नाही. ती इस्त्री करत राहिली, एकच बाही परत परत. ओताकारनं हत्यारांची पेटी खांद्यावर घेतली, दारात थांबला आणि मॅलकीशी हात मिळवला. "तुम्ही मला स्टेशनवर भेटला होता," तो म्हणाला, "ते मी विसरणार नाही." त्याला सगळं कळलेलं असेल आणि तो टोमणा मारत असेल, किंवा काहीच कळलेलं नसेल. मॅलकीला त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता येईना, आणि ज्याचा धंदाच चेहरे वाचायचा त्याला ते फार लागलं.

त्याला वाटलं होतं, माणूस गेला की दुखणं जाईल. ते उलट घरभर पसरलं. खोली रिकामी होती आणि डीलिया तिथे केर काढायला जायची. रिकाम्या खोलीत इतका केर कुठला? ती चुलीशी उभी राहून खिडकीबाहेर बघायची, तिथे शेजारच्या मिसेस हॅनिगनची दोरी आणि दोरीवरचे लेंगे यांपलीकडे काही नव्हतं. बाजारातून यायला तिला कधी वेळ लागायचा, कधी लागायचा नाही, आणि लवकर आली तर मॅलकीला ते जास्त संशयास्पद वाटायचं. तो तिच्या बुटांकडे बघायला लागला. बुटांना चिखल कुठला आहे, पिवळा की काळा. पुलापलीकडे चिखल पिवळा असतो. तिच्याशी तो पहिल्यापेक्षा गोड बोलायचा. तीही. दोघांनी असं गोड बोलत एकमेकांना पाव वाढला. कोबीत शहाजिरं तसंच राहिलं होतं. घालू नकोस म्हणायला त्याची जीभ उचलेना, कारण का, असं तिनं विचारलं असतं.

निवडणुकीच्या दिवशी सकाळपासून तो तबेल्यातल्या बाकावर पक्षाचा देखरेखीचा माणूस म्हणून बसला होता. शेजारी फिंटन गिरी, टूहीचा नवा पोरगेला कार्यकर्ता, डोक्यावर हॅट मागे सारलेली, मॅलकीची जागा आपल्याला कधी मिळते याची वाट बघत असलेला. समोर सुधारणा मंडळाचा मिस्टर ॲश्बी, चकचकीत अरुंद बूट आणि वर पांढरे कापडी पट्टे. माणसं येत होती, आत जात होती, बाहेर येत होती. मॅलकी फिंटनला हळू आवाजात शिकवत होता. हा गेला, हा आला, आपला. हा पोलंडचा, घाबरलाय, पण आपला. हा बघ, थांबलाय. खाली वाचतोय. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला बघ, नाव सापडत नाहीये. गेला हा. फिंटन मान डोलवत होता. चारी बाजूंनी नवं लाकूड आणि जुने घोडे यांचा वास येत होता, आणि मॅलकीची नजर राहून राहून सहाव्या कप्प्याकडे जात होती. त्या पडद्याखालून कोणाचेही बूट आले तरी त्याला त्यांच्यासमोर फिकट टाचेचा एक बूट दिसायचा.

गर्दी ओसरल्यावर तो स्वतः उठला. कागद घेतला, आणि बाकीचे कप्पे रिकामे असताना सहाव्यात गेला. पडदा ओढला. आणि एकदम तो एकटा झाला. गेल्या कित्येक वर्षांत भर दिवसा तो असा एकटा झाला नव्हता. पेन्सिल दोऱ्याला लोंबत होती. फळीवर ओताकारच्या रंध्याच्या बारीक लाटा होत्या; पडद्याची दुमड डीलियाच्या हातची होती, बारीक, एकसारखे टाके, प्रत्येक दहाबारा टाक्यांनंतर एक दुहेरी. मॅलकीच्या शर्टांना असंच असायचं. दोघांनी मिळून ही एवढीशी खोली केली होती, आणि तो आता तिच्यात उभा होता. इथे ती उभी होती. इथे तो. मॅलकीनं मधलं अंतर पायांनी मोजून बघितलं. मग वर बघितलं. दांडी फळ्यांच्या भोकांत घट्ट बसलेली होती. एकदा लावून बघ, असं ती म्हणाली होती. फुली मारायचं त्याच्या डोक्यातून गेलं. त्यानं दोन्ही हात वर केले, फळीला खांदा दिला आणि दांडी खेचली. ती सहज निघाली. जी निघते ती बसेलही. एकट्याला बसेल, आणि डीलिया खोटं बोलली असेल, आणि मग हे कायमचं संपेल. त्यानं डावं टोक भोकात घातलं, उजवं वर नेलं. बसेना. फळी ओढायला हात नव्हता. खांद्यानं रेटली तर डावं टोक निसटलं. परत घातलं. परत निसटलं. घाम आला. तिसऱ्या वेळी दांडी पडद्यासकट त्याच्या डोक्यावर आली आणि तो जाड कापडाखाली चाचपडत, हातात कोरा कागद घेऊन, सगळ्या तबेल्यासमोर उभा राहिला.

कोणीतरी हसलं. केंद्राचे अधिकारी एका जर्मन म्हाताऱ्याशी पत्त्यावरून हुज्जत घालत होते. सगळ्यांत जवळ होता तो मिस्टर ॲश्बी. "थांबा, थांबा, मी धरतो," असं म्हणत तो सभ्य माणूस मॅलकीनं नको म्हणायच्या आत कप्प्यात शिरला आणि पडदा दोघांच्या समोर आला. आत दोन माणसांना जागा नव्हती. ॲश्बीच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. त्याच्या घड्याळाची साखळी मॅलकीच्या कोटाच्या बटणात अडकली. "तुम्ही फळी ओढा," ॲश्बी म्हणाला, "मी दांडी घालतो." मॅलकीनं दोन्ही हातांनी फळी ओढली, पाय रोवले, ॲश्बीनं पाय त्याच्या पायांना भिडवून वर हात केले, दोघांचे श्वास एकमेकांच्या तोंडावर आले, लाकूड कुरकुरलं, आणि दांडी खट्कन आत गेली. आणि मॅलकीला हसू आलं. छोटंसं, नाकातलं, आपोआप. जोर लावून अडलेलं काम सुटलं की येतं तसं. त्याचा ॲश्बीशी काही संबंध नव्हता. तो फळी धरून तसाच उभा राहिला. हेच ते हसू. एवढंच होतं ते. इतके दिवस जे त्याला रात्री कुशीवरून कुशीवर वळायला लावत होतं ते एवढंच होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ॲश्बीनं साखळी सोडवली, "माफ करा" म्हणाला आणि बाहेर गेला. मॅलकीनं कागदाची घडी घातली, बाहेर येऊन ती पेटीत टाकली, आणि पेटीच्या फटीतून कागद आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण फुलीच मारली नाही.

फिंटन गिरी त्याच्याकडे बघत नव्हता. तो सहाव्या कप्प्याखालच्या मोकळ्या जागेकडे बघत होता, जिथे आत्ता कोणाचेच बूट नव्हते. हॅट त्यानं पुढे ओढली होती.

दिवस मावळायच्या आत टूहीचं बोलावणं आलं. समोर दुधाचा पेला होता. टूहीचा आवाज चढला नाही, उलट तो अंत्ययात्रेला जाताना बोलतो तसं हळू बोलत होता. "फार वेळ आत होतास म्हणे. एका फुलीसाठी."

"हो."

"आणि नंतर चार बूट होते म्हणे. दोन तुझे आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांचे. आत काय करत होतात दोघं?"

मॅलकीला उत्तर ठाऊक होतं आणि ते तोंडातून काढायची त्याला लाज वाटली. दुसरं उत्तर नव्हतं. "पडदा लावत होतो," तो म्हणाला.

टूही हसला. तो खरंच हसला, पोट हलेपर्यंत, आणि मग रुमालानं डोळे टिपले. "मॅलकी, मॅलकी. पडदा लावायला दोघं कशाला लागतात?"

एकदा लावून बघा, असं म्हणता आलं असतं. पण टूही काही लावून बघणार नव्हता. टूहीची खुर्ची मऊ होती. "उद्यापासून वॉर्ड फिंटन बघेल," टूही म्हणाला. "रस्त्याच्या कामाच्या पगारपत्रकावर तुझं नाव महिनाअखेरपर्यंत ठेवतो. तुझ्या आईच्या अंत्ययात्रेला मी होतो, ते विसरलो नाही मी." टूही त्याला सोडतोय हे मॅलकीला समजत होतं आणि तरी त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. रस्त्यावर येऊन त्यानं ठोकळ्यांवर पाय दिला. पंधरा वर्षांची जागा गेली होती आणि छातीवरचा धोंडाही गेला होता, आणि त्याला धोंड्याचंच जास्त कळत होतं. घरी जायची घाई झाली. लग्न नवीन असताना व्हायची तशी.

डीलियानं दिवा लावलेला होता. टेबलावर दोन ताटल्या. मिसेस हॅनिगन काहीतरी सांगून गेली असणार, कारण डीलिया त्याच्याकडे नीट बघत नव्हती आणि चुलीशी उगाच खुडबुड करत होती. मॅलकीनं टोपी काढली.

"दोघं लागतात," तो म्हणाला.

"काय?"

"दांडी बसवायला. एकट्याला नाही जमत. मी लावून बघितली."

डीलियानं पळी पातेल्यात सोडली. मग वळली. "आज? तिथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि तिचा हात तोंडाशी गेला, आणि ती हसतेय की रडतेय हे त्याला कळेना, पण दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. "टूही काय म्हणाला?"

"फिंटन बघेल म्हणाला."

ती जवळ आली आणि तिनं त्याच्या कोटाचं बटण बघितलं, ते साखळीनं ओढून सैल झालं होतं. "हे काढून दे, लावून देते," ती म्हणाली. तिच्या बोटांना कांद्याचा वास होता. मॅलकी खुर्चीत बसला. कोबीची वाफ येत होती, शहाजिऱ्याची, आणि ती त्याला चांगली वाटली, नुसतीच चांगली. त्यानं ठरवलं की आता बोलून टाकायचं.

"मी त्याच्यावर अन्याय केला, डीलिया. त्याचं काम मी घालवलं. मावसबहीण वगैरे कोणी नाही."

"माहीत आहे मला." तिनं कोबी ढवळली. "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग. माफी माग. आता तुला कोणाची भीती आहे?"

"सांगेन. आजच सांगतो."

"जेवून जा." तिच्या आवाजात किती दिवसांनी ऊब आली होती. तिनं पळीत कोबी भरून घेतली आणि ती ताटलीकडे आणत म्हणाली, "पुलापलीकडे त्या स्वीडिश माणसाच्या वखारीत असतो तो. पुढचं दार बंद असतं. मागच्या बाजूनं जिना आहे, तिथून जा."

"तुला कसं माहीत?"

त्यानं ते विचारायचं ठरवलं नव्हतं. शब्द बाहेर पडून टेबलावर पोचले तेव्हा कुठे ते आपलेच आहेत हे त्याला कळलं. डीलियाचा हात ताटलीवर आलेला होता. तो तसाच थांबला. मग तिनं पळी परत नेली, कोबी पातेल्यात घातली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.